पाईनची शेती आणि ओकचं रान : संशोधन कोणाच्या प्रश्नांचं?

(आपल्या मंचाच्या शरद ऋतूतल्या बैठकीत नॉर्थ कॅरोलायनात दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना इंग्रजीत गेलेली वाक्यं शक्य तिथे मराठीत आणली आहेत. प्रश्नोत्तरांतलं एक उत्तर शेवटी जोडलं आहे.)



मंचाच्या बैठकांत आजवर जातीबद्दल, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल, व्हिसाबद्दल पुष्कळ बोलणं झालं. पाईनच्या झाडांवर मात्र आजच पहिल्यांदा. संयोजकांच्या धाडसाचं कौतुक करतो आणि जेवण अजून व्हायचं आहे हे लक्षात ठेवून बोलतो.

मी वनशास्त्रज्ञ नाही. स्टॅटिस्टिक्सचा माणूस आहे. जंगलात जाऊन मोजमापं करणारे वेगळे. त्यांनी आणलेले आकडे तपासणं, त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही हे सांगणं, हे माझं काम. आजचा विषय निवडण्याचं कारण मात्र तुम्हीच आहात. या हॉलमधल्या निदान चार-पाच जणांनी गेल्या काही वर्षांत इथे जमीन घेतली आहे. वीस एकरांच्या वर जंगल असेल आणि ते रीतसर आराखड्याप्रमाणे सांभाळलं तर आपल्या राज्यात प्रॉपर्टी टॅक्स बराच कमी होतो, हे आपल्या लोकांना लवकर कळतं! मग सल्लागार येतो, रान बघतो आणि म्हणतो : हे हार्डवुड काढून टाका, पाईन लावा, पंचवीस वर्षांत पैसे. त्यानंतर मला फोन येतो, ‘हे खरं का?’ फोनवर मी ‘बघू’ म्हणतो. आज जरा सविस्तर सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड असं नाही. रुंद पानांची, फुलं-फळं धरणारी सगळी झाडं हार्डवुड. आपली काटेसावर, जिचं लाकूड नखाने खरवडता येईल, तीही या व्याख्येने हार्डवुडच. इथे हार्डवुड म्हणजे ओक, हिकरी, मेपल, ट्यूलिप पॉपलर. आणि पाईन म्हणजे इथल्या सपाटीवर मुख्यतः लॉबलॉली. हायवेच्या कडेला उसाच्या फडासारख्या ओळीत उभी दिसतात ती झाडं.

हा फड फार जुना नाही. १९५० साली अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पाईनची लागवड २० लाख एकरांपेक्षाही कमी होती. २००० साली ती सुमारे ३ कोटी २० लाख एकर झाली. लागवड झाली ती जमीन बहुतेक थकलेली होती : कापसाने कस गेलेली, किंवा लाकूड कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडं तोडून तशीच टाकून दिलेली. १९३०च्या दशकात चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाने सव्हानाच्या प्रयोगशाळेत दाखवून दिलं, की दक्षिणेच्या चिकट पाईनपासूनही वर्तमानपत्राचा कागद होतो. १९४० साली टेक्ससमध्ये लफकिनला तसा कागद करणारी गिरणी सुरू झाली. मग लाकूड हवं होतं, लवकर हवं होतं, आणि भरपूर हवं होतं.

इथून संशोधनाची गोष्ट सुरू होते आणि ती खरोखर थक्क करणारी आहे. १९५६ साली ब्रूस झोबेल रॅलेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये आले. त्यांनी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कागद कंपन्यांना एका सहकारी संस्थेत आणलं. (आपल्याकडे साखर कारखाने सहकारात आले तोच सुमार. पण इथे सभासद शेतकरी नव्हते, कंपन्याच होत्या.) रानातली सरळ, उंच, निरोगी झाडं शोधायची, आपण हापूसची करतो तशी त्यांची कलमं करायची, त्या कलमांच्या बागांतून बी घ्यायचं, त्या बियांची रोपं वेगवेगळ्या जमिनींत लावून पुन्हा निवड करायची. बरोबरीने किनाऱ्यालगतच्या ओल्या जमिनीत फॉस्फरस कमी पडतो हे शोधलं, ते खत दिलं. विरळणी केव्हा करायची, ओळींत अंतर किती ठेवायचं, हे मोजून ठरवलं. पन्नास वर्षांत एका एकरातली वार्षिक वाढ दुपटीच्या वर गेली, आणि लावणीपासून तोडणीपर्यंतचा काळ निम्म्याहून कमी झाला. एकत्र बसून, आकडे न लपवता केलेलं हे काम आहे. आपल्यासारख्या पुरोगामी मंडळींना कंपन्या म्हटलं की नाक मुरडायची सवय असते. इथे ती जरा बाजूला ठेवावी. धुपून चाललेल्या कितीतरी जमिनी या झाडांनी धरून ठेवल्या.

पण त्या संशोधनातला एक शब्द मला पहिल्यापासून खटकत आला. पाईनच्या प्रयोगांच्या तक्त्यांत एक रकाना असतो, ‘हार्डवुड स्पर्धा’. म्हणजे पाईनच्या प्लॉटमध्ये आपोआप उगवलेले ओक, मेपल, स्वीटगम. त्यांच्यावर तणनाशक फवारलं तर पाईन किती वाढतो आणि नाही फवारलं तर किती, याची तुलना. ती तुलना बरोबर आहे, आकडे चोख आहेत, फवारल्यावर पाईन खरंच जोमाने वाढतो. फक्त एवढंच, की शंभर मैलांवर दुसऱ्या केंद्रात दुसरा शास्त्रज्ञ त्याच ओकचं रोप जगवण्यासाठी आयुष्य घालवतो आहे. एकाच्या तक्त्यात तो ओक पीक आहे, दुसऱ्याच्या तक्त्यात तण. महाराष्ट्राच्या वनखात्याच्या लिलावात साग सोडून बाकी सगळ्याला ‘आडजात’ म्हणतात, तसंच हे. ऐन, धावडा, बीजा, सगळे आडजात. नाव ठेवलं की निम्मा निर्णय झालेला असतो.

या तक्त्यात जे मोजलंच गेलं नाही ते कुठे मोजलं गेलं, ते सांगतो. आपल्या राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑटो नावाच्या लहानशा गावाजवळ, कोवीटा नावाची जलविज्ञान प्रयोगशाळा आहे. १९३४ साली सुरू झालेली. प्रयोगशाळा म्हणजे काचेची नळी आणि पांढरा कोट नव्हे, तर अख्खी दरी. वर्षाला साधारण १,८०० मिलिमीटर आणि उंचावर त्याहून जास्त पाऊस पडणारी, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या पूर्व उताराची आठवण यावी अशी. त्या दरीतल्या एकेका ओढ्यावर त्रिकोणी खाचेचा सिमेंटचा बांध घातलेला आहे आणि खाचेतून जाणारं पाणी रात्रंदिवस मोजलं जातं. शेजारशेजारच्या दोन ओढ्यांपैकी एकाच्या पाणलोटात जंगल तसंच ठेवायचं, दुसऱ्यात काही तरी करायचं, आणि फरक बघायचा. इतकी साधी रीत.

१९५६-५७ साली तिथल्या दोन पाणलोटांत हार्डवुडच्या जागी पांढरा पाईन लावला. आधी झाडं तोडली तेव्हा ओढ्याचं पाणी वाढलं, कारण पाणी पिणारं कोणी उरलं नव्हतं. रोपं लहान होती तोपर्यंत ओढ्याने तक्रार केली नाही. आता समजा, आपल्या नेहमीच्या पद्धतीने तीन वर्षांचं अनुदान मिळालं असतं आणि तीन वर्षांनी अहवाल द्यायचा असता. अहवालात लिहिलं गेलं असतं : हार्डवुड तोडून पाईन लावल्यास पाणी कमी होत नाही. आकड्यांसकट, आणि प्रामाणिकपणे.

मोजणी थांबली नाही म्हणून खरं काय ते कळलं. पाईनचं छत्र एकमेकांना भिडलं तसा ओढा आटायला लागला. पंधरा वर्षांनी (स्वँक आणि डग्लस यांनी १९७४ साली ‘सायन्स’मध्ये हे छापलं) ओढ्यातून वर्षाला २० सेंटिमीटर पाणी कमी येत होतं. हार्डवुड असतं तर जेवढं आलं असतं त्याच्या एक पंचमांश. कारण कळायला सोपं आहे. ओक हिवाळ्यात पानं टाकतो आणि स्वस्थ बसतो. पाईन बाराही महिने हिरवा. पाऊस त्याच्या सुयांवर अडकतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो, शिवाय उबदार दिवस मिळाला की झाड जानेवारीतही पाणी ओढतं.

२० सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. हिशोब करा. एका एकरावर ते ८ लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरा, ज्यांचं माहेर किंवा गाव माण-खटावात किंवा बीडमध्ये आहे त्यांना टँकर समजावून सांगायला नको. दर एकरी, दर वर्षी, ऐंशी टँकर.

एक सावधगिरी. हा आकडा डोंगरातल्या पांढऱ्या पाईनचा आहे. तो उचलून सपाटीवरच्या लॉबलॉलीला चिकटवू नका. तिथली माती, पाऊस, उन्हाळा, सगळं वेगळं. पण ‘पाईन लावल्याने पाण्याचं काय होतं’ हा प्रश्न विचारायला हवा होता आणि कागदाच्या गिरणीला तो विचारण्याचं काही कारण नव्हतं. तिचा प्रश्न एवढाच : एकरी किती टन? त्याचं उत्तर तिला उत्तम मिळालं.

हार्डवुडच्या बाजूला असा एक धनको नाहीच. दक्षिणेतलं ऐंशी टक्क्यांहून जास्त जंगल खाजगी आहे आणि हार्डवुड बरंचसं लहान लहान कुटुंबांकडे आहे. ओक तोडण्यालायक व्हायला साठ, ऐंशी, शंभर वर्षं. लावणारा तोडत नाही. त्यामुळे हे संशोधन सरकारी केंद्रांच्या भरवशावर राहिलं. ॲशव्हिलजवळचं बेंट क्रीक हे १९२५ पासूनचं असं केंद्र. त्यांच्यापुढचा कोडं घालणारा प्रश्न : मोठे ओक भरपूर आहेत, मग त्यांच्याखाली लहान ओक का वाढत नाहीत? ओकची जागा लाल मेपल आणि ट्यूलिप पॉपलर का घेतात? (त्याआधी चेस्टनट गेलाच होता. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये दिसलेल्या बुरशीने अर्ध्या शतकात तीन-चार अब्ज झाडं मारली.)

उत्तराचा मोठा भाग निघाला आग. मूळ रहिवासी आणि त्यांच्यानंतर आलेले गोरे शेतकरी, दोघेही रान अधूनमधून पेटवत. ओकचं रोप वरून जळलं तरी मुळात साठा असतो, ते पुन्हा फुटतं. मेपल तितक्या जोमाने फुटत नाही. विसाव्या शतकात सरकारने आग बंद केली आणि मेपलचं फावलं. गंमत अशी, की आग बंद करताना सरकारने लोक रान का जाळतात हे शोधायला जॉन शे नावाचा एक मानसशास्त्रज्ञ पाठवला होता. १९४० साली त्याचा लेख आला, ‘आमच्या बापजाद्यांनी रान जाळलं’ अशा अर्थाच्या नावाचा. निष्कर्ष : कंटाळा, अज्ञान, जुनी खोड. पुढे संशोधनानेच बापजाद्यांची बरीचशी बाजू घेतली. आज वनखातंच ठरवून, वारा बघून, आग लावतं. ओकसाठी आता एक रीत वापरतात : वरची काही झाडं काढून उजेड आणायचा, तीन-पाच वर्षं थांबायचं, मग वसंतात आग द्यायची. लाँगलीफ पाईनचंही तसंच. ९ कोटी एकरांवरून ३० लाखांच्या आसपास आलेलं ते रान आगीशिवाय परत येत नाही.

आता मालकांकडे वळू, कारण मालक बदलले आहेत. ज्या कागद कंपन्यांनी ते संशोधन पोसलं त्यांनी जमिनी विकून टाकल्या. एकट्या इंटरनॅशनल पेपरने २००६ साली ५० लाखांहून जास्त एकर विकले. घेतले कोणी? गुंतवणूक फंडांनी. त्यांच्यामागे पेन्शन फंड, विद्यापीठांच्या ठेवी. वेअरहाउझर ही कंपनी २०१० साली जमीनजुमल्याच्या ट्रस्टमध्ये बदलली. तिचा शेअर एस अँड पी पाचशेमध्ये आहे, म्हणजे तुमच्या फोर-ओ-वन-केमध्ये इंडेक्स फंड असेल तर हायवेवरच्या त्या फडातली काही झाडं तुमची आहेत. अभिनंदन! पण दहा-पंधरा वर्षांत पैसे फिरवायचे असलेला फंड पन्नास वर्षांच्या प्रयोगाला पैसे का देईल?

आणि ती झाडं लावतं कोण? मुख्यतः ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतून आलेले मजूर, पहारीसारखं हत्यार घेऊन, दिवसाला हजारांवर रोपं. सॅक्रामेंटोच्या एका दैनिकाने २००५ साली या ‘पिनेरों’च्या बुडवलेल्या मजुरीवर आणि गाडी-अपघातांतल्या मृत्यूंवर लेखमाला छापली होती. ते एच-टू-बी व्हिसावर येतात. आपल्यातले बरेच जण एच-वन-बीवर आलो. मालकाशी बांधलेला व्हिसा म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही, तरी मधला एक आकडा बदलला की माणसाचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे.

तिसरा एक मालक आहे, ज्याच्याकडे संशोधन फार उशिरा वळलं. दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या उतरली. आजोबांच्या नावावरची चाळीस एकर, आणि वारस साठ, शिकागोपासून डेट्रॉइटपर्यंत पांगलेले. सातबाऱ्यावर सामाईकात पंचवीस नावं बघितलेल्या माणसाला हे चित्र लगेच कळतं. कागद स्वच्छ नाही म्हणून कर्ज नाही, लागवडीचं अनुदान नाही, आणि एका वारसाने हिस्सा विकला की कोर्टातून सगळी जमीन लिलावात. २०१३ पासून सरकारी खात्यांनी मिळून अशा कुटुंबांना वकील आणि वनसल्लागार दोन्ही एकत्र मिळवून देणारा एक कार्यक्रम सुरू केला. माझ्या मते पाईनच्या नव्या वाणापेक्षा हा जास्त महत्त्वाचा प्रयोग आहे : आधी जमीन टिकवा, मग झाड कुठलं ते बोलू.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. मुळात हे शास्त्र इथे आलं त्यात भारताचा हात आहे. १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वन-महानिरीक्षक झालेले डीट्रिश ब्रँडिस निवृत्तीनंतर बॉनला राहत. तरुण गिफर्ड पिंचोने त्यांचं मार्गदर्शन घेतलं, आणि तोच १८९२ साली ॲशव्हिलच्या बिल्टमोर इस्टेटीवर वनव्यवस्थापन करायला आला. त्याच्यानंतर आलेला कार्ल शेंकसुद्धा ब्रँडिसच्याच शिफारशीने. जंगल म्हणजे लाकडाचा हिशोब ही शिकवण तिकडून इकडे आली आणि पुढे उलटी गेली. १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने बस्तरमध्ये सालाचं जंगल तोडून कागदासाठी पाईन लावायची योजना झाली. आदिवासींना साल म्हणजे बी, डिंक, पानं, देव. पाईन म्हणजे काहीच नाही. विरोध झाला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला योजना गुंडाळावी लागली. महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ निघालं, तेही मिश्र जंगल काढून साग लावायलाच.

बस्तरच्या शेजारी, गडचिरोलीत, मेंढा-लेखा आहे. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार. हे सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते त्यांच्या अभ्यास गटांबद्दल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावकरी बसत आणि आपले प्रश्न आपण ठरवत. मध काढताना पोळं आणि माश्या न मारता कसं काढायचं, हा त्यातला एक. असला प्रश्न कुठल्या कागद गिरणीला पडला असता?

इथे परत येतो, कारण घड्याळ बघतोय. २०२३ साली कँटनची कागद गिरणी बंद झाली. २०२४च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने डोंगरातली लाखो एकरांवरची झाडं झोपवली, आणि पडलेलं हलकं लाकूड घ्यायला जवळची गिरणी नव्हती. २०२५ साली केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात वनसेवेचं संशोधन जवळजवळ शून्यावर आणलेलं होतं, आणि सगळी संशोधन केंद्रं कोलोराडोतल्या एका ठिकाणी गोळा करायची घोषणाही त्याच वर्षी झाली. ओढ्यावरचा बांध फोर्ट कॉलिन्सला नेता येत नाही. नव्वद वर्षांच्या नोंदीत पाच वर्षांची भगदाड पडली तर ते नंतर कितीही पैशांनी बुजत नाही. मंचाने काँग्रेसच्या सभासदांना पत्रं पाठवायची यादी केली आहे, त्यात हा विषय घालावा अशी माझी सूचना आहे.

आणि ज्यांनी जमीन घेतली आहे त्यांना : सल्लागाराला विचारा, त्याला पैसे तुमच्याकडून मिळतात की लाकूड घेणाऱ्याकडून. जमीन जुनं कापसाचं शेत असेल, सपाट असेल, तर पाईन लावायला माझी काही हरकत नाही. डोंगरउतारावर, ओढ्याकाठी जिवंत ओकचं रान असेल तर ते ‘सुधारण्या’आधी कौंटीच्या वनअधिकाऱ्याला बोलवा, तो फुकट येतो. आणि खाली वाकून बघा, लहान ओक आहेत की नुसते मेपल.

(प्रश्न : कार्बन क्रेडिट मिळतात, मग लवकर वाढणारा पाईनच बरा नाही का?)

पाईन कार्बन लवकर ओढतो हे खरं. पण विरळणीत निघालेल्या लाकडाचा कागद होतो आणि कागदातला कार्बन थोड्या वर्षांत परत हवेत जातो. घराच्या तुळईत गेलेला टिकतो. जुनं ओकचं रान हळू वाढतं, पण साठा उभा आहे, तो तोडताक्षणी मोकळा व्हायला लागतो. म्हणून क्रेडिट विकणाऱ्याला एकच विचारायचं : कशाच्या तुलनेत? ज्याला ओक तोडायचाच नव्हता त्याला न तोडल्याबद्दल पैसे दिले, तर हवेत काही बदललं नाही, कोणाला तरी धूर सोडायचा परवाना तेवढा मिळाला. आणि करार सही करण्याआधी मुदत बघा. एका वर्षाचे करार निघाले होते, कॅलिफोर्नियाच्या नियमांखालचे शंभर वर्षं देखरेखीचे आहेत. शंभर वर्षांचा करणार असाल तर मुलांना बसवून वाचून दाखवा आणि मृत्युपत्रही करून ठेवा. नाहीतर तुमच्याही चाळीस एकरांना साठ वारस होतील.